रविवारचा बंब

मिशिगनच्या उत्तरेकडच्या त्या गावात, दुकानातल्या रांगेत हेल्मी उभी होती. तिच्या पुढे विधवा आयली आणि आयलीचा शेजारी रेनो यांची जुंपली होती.

“आयलीबाई, तुमचा घर गरम ठेवणारा अंगणातला लाकडाचा बंब रोज विझतोच कसा?”

“बर्फ वितळायला लागलं. घर ऊब मागत नाही, मग जाळ झोपतो. मुलगा म्हणतो, बंब सांभाळता येत नसेल तर घर विका आणि माझ्याकडे शहरात या.”

“अहो, जाळाला थोडं काम ठेवायचं. गॅरेजकडे जाणाऱ्या गरम पाण्याची तोटी जराशी उघडी सोडा. निखारे रात्रभर जागे राहतील.”

“एवढंच? मग महिनाभर रोज सकाळी पेटवायला येत होतात, तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“आणि माझा वेलदोड्याचा पाव फस्त करत होतात, तो?”

“जाळ धरेपर्यंत रिकाम्या तोंडी बसू?”

“बरं, आता उद्यापासून तुमची सुटका.”

रेनोने टोपी काढली, पुन्हा घातली.

“हो. सुटका.”

आयलीने पैसे देऊन पिशवी उचलली.

“तोटी उघडी ठेवीन, म्हणजे मुलाचं तोंड बंद. पण पाव मी शनिवारी भाजते. त्या रात्री तोटी बंद. रविवारी काड्यापेटी घेऊन या.”