कुल्याश आपांचं पोस्टर

...आणि वर मलाच विचारतात, पोस्टरवर फुगे का नाही टाकलेस! आता तुम्हीच सांगा, तरणतलावाच्या पोस्टरवर फुगे? पोहण्याचा आणि फुग्यांचा संबंध काय? तुम्हाला सांगतो, हॉलंडात सहा वर्षं राहून मी एकच गोष्ट शिकलो. कागदावर जे लागत नाही ते काढून टाकायचं, मग उरेल त्यातलंही निम्मं काढायचं, आणि एवढं करून जे शिल्लक राहतं ना, ते बोलतं. बोललं की! असं बोललं, असं बोललं, की अर्ध्या ताराझ शहराला हुंदके फुटले.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्या आईसारखं अर्धंच ऐकून रडायला लागाल.

आमच्याकडे साखर कारखान्याचा जुना तरणतलाव आहे. कारखाना कधीच बंद पडला, त्याच्या धुराड्यावर आता करकोचे घरटी बांधतात, पण तलाव राहिला. राहिला म्हणजे कुल्याश आपांनी राखला. आपा एकाहत्तर वर्षांच्या. अठराव्या वर्षी तिथे पोहायला शिकवायला लागल्या त्या अजून शिकवतायत, आणि शहरात ज्याला ज्याला म्हणून हातपाय मारता येतात त्याला आपांनी एकदा तरी मानगूट धरून पाण्यात ढकललेलं आहे. मलाही. पण ढकललेली माणसं मोठी झाली, कामाला लागली, जाडी झाली, आणि तलावाकडे फिरकेनाशी झाली. शेवटी नगरपालिकेच्या कचेरीतून कागद आला. सप्टेंबर संपायच्या आत दीडशे सभासद दाखवा, नाहीतर पाणी सोडून देऊ आणि जागा सोफासेटच्या गोदामाला देऊ.

सभासद होते एकतीस. त्यात मी आणि माझी आई धरून, आणि आई तर पाण्यात उतरतच नाही, वाफेच्या खोलीत बसून गप्पा मारते!

मी आपांना विचारलं, तलाव गेला तर काय कराल? त्या पोरांच्या रबरी टोप्या वाळत घालत होत्या. म्हणाल्या, ‘‘घरी बसेन. घराला चार भिंती आहेत, रोज एकीशी बोलेन.’’ आणि पुढची टोपी झटकली. बस्स, तुम्हाला सांगतो, मला तिथेच चेव चढला. मी परत कशाला आलो होतो? ह्याच्यासाठीच! पाण्यात उतरलेला मंत्री आणि पाण्यात उतरलेला मेंढपाळ सारखेच दिसतात, हे माझं पक्कं मत, आणि ते मी विमानतळावरून घरी येताना टॅक्सीवाल्यालाही ऐकवलं होतं. तो म्हणाला, मेंढपाळ उतरेल, मंत्र्याचं काही सांगता येत नाही. असो.

मी म्हटलं, आपा, तुम्ही काळजी सोडा, माणसं आणायची जबाबदारी माझी. नुसतं एक चांगलं पोस्टर पाहिजे.

तलावाचं जुनं पत्रक बघितलं आणि मला घेरी आली. निळ्या पाण्यातून उड्या मारणारे दोन डॉल्फिन! ताराझमध्ये! इथून समुद्र किती लांब आहे हे शाळेत भूगोलाच्या मास्तरांनाही सांगता येत नसे. बाजूला नारळाचं झाड, पाच रंगांची अक्षरं, आणि तळाशी लालभडक फोन नंबर, जो पंधरा वर्षांपूर्वीच बंद झालाय. आई म्हणाली, छान तर आहे, नुसता नंबर बदल. माझी बहीण म्हणाली, खाली दोन फुगे टाक. पण मी शिकून आलो होतो ना!

मी आपांचा फोटो काढला. सकाळी त्या पोहून नुकत्याच वर आल्या होत्या, केस मागे चापून बसवलेले, नजर खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे. काय चेहरा! मी त्यातला सगळा रंग काढून टाकला, नुसतं काळं-पांढरं ठेवलं. भोवती पांढरी जागा मोकळी सोडली. एक बारीक राखाडी चौकट. चेहऱ्याखाली नाव, कुल्याश बेकमुखांबेतोवा. त्याच्याखाली एकच ओळ: ‘त्रेपन्न वर्षं पाण्यात. आता नंबर तुमचा.’ आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तलावाचा पत्ता, ‘रोज सकाळी सात ते दुपारी दोन, सर्वांनी यावे.’

आता तुम्ही हसताय. तेव्हा मला हसू आलं नाही हो! मला भरून आलं होतं. स्वतःच्याच कामावर.

ते घेऊन मी व्हित्या काकांच्या छापखान्यात गेलो. व्हित्या काका म्हणजे आमच्या शहराचे छापील नशीबच म्हणा, बारशापासून लग्नापर्यंत आणि त्याच्याही पुढचं सगळं त्यांच्याकडेच छापतात. काका एका लग्नाची सोनेरी पत्रिका छापत होते. माझा कागद घेतला, बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितला. म्हणाले, आपांनी माझ्या दोन्ही मुलींना पोहायला शिकवलं. मी म्हटलं, अहो, त्यांनी सगळ्यांनाच शिकवलंय. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, कधी? मी म्हटलं, उद्या सकाळच्या आत प्रत्येक इमारतीच्या दारावर लागलं पाहिजे, काका, उशीर करून चालणार नाही. काकांनी मान हलवली, म्हणाले, नाहीच चालत उशीर करून, आणि त्या सोनेरी पत्रिका यंत्रावरून उतरवून बाजूला ठेवल्या. एका लग्नापुढे माझं पोस्टर! मला वाटलं, बघा, चांगल्या कामाची कदर असते आपल्याकडे, आपणच उगीच देशाला नावं ठेवतो.

तासाभरात दोनशे प्रती तयार. फक्त माझी ती बारीक राखाडी चौकट होती ना, तिची झाली होती बोटभर जाडीची काळी. मी विचारलं तर काका म्हणाले, बारीक बरी दिसत नाही, माणूस मोठं होतं. आणि पैसे घ्यायला तयार होईनात. ह्या कामाचे मी घेत नाही, म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ.

एखाद्याच्या डोक्यात तिथेच उजेड पडला असता. माझी पणजी गेली तेव्हा इमारतीच्या दारावर असाच काळ्या चौकटीचा कागद लागला होता, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय! पण नाही, मी शिकून आलो होतो ना! मला वाटलं, काळी चौकट जरा ठसठशीत आहे, पण चालेल, लांबून नजरेत भरते.

भरलीच की. मी पोस्टर चिकटवत एकेका इमारतीच्या दाराशी जाई, तर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहत. सूर्यफुलाच्या बिया खाणं बंद. कोणी माझी पाठ थोपटली, कोणी कपाळावरून हात फिरवला. एका आजीने बाही धरून विचारलं, बाळा, आपा आत्ता कुठे आहेत? मी अभिमानाने सांगितलं, कुठे असणार, तलावात, पाण्यात! आजी मटकन बाकावर बसली.

झालं! रात्रीपर्यंत शहरभर झालं होतं, की कुल्याश आपा आपल्याच तलावात बुडून गेल्या. तुम्हाला सांगतो, तरणतलावाची ह्याहून उत्तम जाहिरात जगात कुणी केली नसेल. पन्नास वर्षं पोहणारी बाई बुडाली, आता नंबर तुमचा, सर्वांनी यावे!

आणि मी? मी घरी शांत झोपलो. सकाळी उठलो तो तेलाच्या वासाने. आई शेल्पेक तळत होती, गेलेल्या माणसाच्या नावाने करतात त्या पातळ पुऱ्या, मोजून सात, आणि रडत होती. मी विचारलं कोण गेलं, तर तिने उलथनंच उगारलं. म्हणाली, ‘‘कागद तू चिकटवतोस आणि मला शेजारणीकडून कळतं?’’

तेव्हा पडला उजेड. मी तसाच पळत सुटलो, चपला दोन वेगळ्या जोडांतल्या.

तलावाच्या दाराशी पोहोचलो तर माझ्याआधी रौशान आपा हजर. हातात दोन लाल फुलं. जिवंत माणसाला एक द्या, तीन द्या, पण दोन? जोडीने फुलं आमच्याकडे फक्त गेलेल्या माणसाला, दोन म्हणजे विषय संपला. रौशान आपा पूर्वी तिथेच शिकवायच्या, कुल्याश आपांच्या जिवलग मैत्रीण, आणि अठरा वर्षांपूर्वी शर्यतीतलं वेळेचं घड्याळ हरवलं त्यावरून दोघींची बोलाचाल बंद झाली ती आजपर्यंत. मला बघताच त्यांनी माझ्या गळ्यात पडून मर्तिकाच्या गाण्याचा सूर लावला. आणि आमच्याकडे सूर लावलेल्या बाईला मध्येच थांबवत नाहीत, कितीही घाई असो, तिचं गाऊन संपेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं. मी म्हणतोय, आपा, अहो आपा... छे! त्या गातायत, कुल्याश तू मासोळी होतीस, कुल्याश तू ससाणी होतीस, आणि गात गातच मला ढकलत आत नेलं, थेट पाण्याच्या काठापर्यंत, आणि तिथे शेवटचं कडवं आलं, की कुल्याश, ते घड्याळ माझ्याच कपाटात होतं गं, मीच लपवलं होतं गं, आता कुणाला सांगू गं...

आणि कुल्याश आपा, रोजच्यासारख्या पन्नास फेऱ्या मारत, तोंड पाण्यात, कानावर टोपी, त्यांनी नेमका तेव्हाच काठाला हात लावला आणि डोकं वर काढलं.

म्हणाल्या, ‘‘मला माहीत होतं.’’

रौशान आपा कपड्यांसकट पाण्यात पडल्या. घाबरून पडल्या, की मिठी मारायला, हे अजून दोघींपैकी एकीनेही सांगितलेलं नाही. पण एवढं खरं, की अठरा वर्षं न बोललेल्या त्या दोन बाया पाण्यात एकमेकींना धरून अशा भांडत होत्या, की मला हायसं वाटलं. मी ओल्या फरशीवरच बसकण मारली.

मग लोंढा आला हो! पुरुष फाटकापासूनच हात पसरून, ओ बाई, ओ बहिणी करत. बायका परातीच्या पराती शेल्पेक घेऊन, साखरेची खोकी घेऊन. कचेरीतून ज्याने तो कागद धाडला होता तो साहेबसुद्धा काळा कोट घालून, हातात फुलं. तीही जोडीने. सगळे बूट काढून मोज्यांवर आत येत, आणि बघत तर आपा खांद्यावर टॉवेल टाकून काठाशी उभ्या, स्वतःच्याच सांत्वनाला आलेल्यांना या बसा करतायत! दोन बायका किंचाळल्या, एकाने प्रार्थना म्हटली. आणि मग पहिला आनंद ओसरला तशी एक कुजबुज सुरू झाली, की हे केलं कुणी? एक आजोबा काठी घेऊन माझं नाव विचारत फिरायला लागले. मी टोप्यांच्या कपाटामागे. शिकून आलो होतो ना, लपायला कुठे ते बरोबर कळतं!

पण आपा उडी मारायच्या चौथऱ्यावर चढल्या. शिट्टी फुंकली. आणि तुम्हाला सांगतो, तिथले सगळे, साहेबापासून आजोबांपर्यंत, गपकन सरळ उभे राहिले, पोटं आत घेऊन.

‘‘नवी सून बघायला जाता तेव्हा मोकळ्या हाताने जाता?’’ आपांनी विचारलं. ‘‘नवं बाळ, नवी गाडी... अरे, शेजाऱ्याचा नवा फ्रीज बघितला तरी पहिल्यांदा बघितल्याचं कोरिमदिक हातावर ठेवता ना? मग गेलेली बाई परत आलेली आज बघितलीत. माझं कोरिमदिक कुठाय?’’

एका बाईने साखरेचं खोकं पुढे केलं.

‘‘साखर नको. साखरेने काय होतं ते कारखान्याला विचार. तिथे वही आहे, त्यात नाव लिही.’’

कोरिमदिकला नाही कोण म्हणणार? आणि तेही जी बाई आत्ताच मरून आली तिला? रांग लागली. पहिलं नाव रौशान आपांचं, ओल्या हाताने लिहिलेलं, आणि वर अट, की पोहायला मला तिसरीच पट्टी पाहिजे. साहेबाने इकडेतिकडे बघितलं आणि सही केली. व्हित्या काकांनी स्वतःचं, दोन मुलींचं आणि एका जावयाचं लिहिलं. संध्याकाळी वही मिटली तेव्हा आकडा होता एकशे त्रेसष्ट. तलाव वाचला! शेल्पेक काठावरच बसून संपवले सगळ्यांनी, आणि इतकी माणसं, इतक्या वर्षांनी, पाय पाण्यात सोडून आपांशी बोलत बसली होती, की आपांना अंधार पडेपर्यंत ओले कपडेही बदलता आले नाहीत.

आता हिवाळा येईल, माणसं गळतील, म्हणून गेल्या आठवड्यात मी नवं पोस्टर केलं. रंगीत. पाण्यात हसणारी माणसं, मोठी अक्षरं, आणि हो, फुगे, सात फुगे, मोजून घ्या! आपांना नेऊन दाखवलं. त्यांनी लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

‘‘छान झालंय,’’ म्हणाल्या. ‘‘पण बाळा, हे बघून कोण येणार? माणूस गेल्याशिवाय आपल्याकडे कोण कुणाकडे जातं?’’

मी पोस्टर गुंडाळायला लागलो. मग त्यांनीच माझी पाठ थोपटली, म्हणाल्या, जानेवारीत फारच कमी झाले तर सांग, मी परत एकदा जाईन, मला काही त्रास नाही, फक्त सोमवार नको, सोमवारी लहान मुलांचा वर्ग असतो.

मी गुरुवार लिहून घेतलाय.