साडूनं शोधलेलं लीकेज

नाही, पण मला एक सांगा, बिस्किटांचे खोके बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला जमिनीखालच्या पाईपलाईनमधलं काय कळतं हो? काय संबंध? खोका वेगळा, पाईप वेगळा! पण आमच्या घरात हे बोलायची सोय नाही. आमच्या घरात असं ठरलेलंच आहे की स्वप्नीलरावांना सगळं कळतं. स्वप्नीलराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला धुळ्याला, नोकरी नरडाण्याच्या एमआयडीसीत, सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, गॉगल, डोक्यावरचे केस अजून सगळेच्या सगळे जागेवर... असू द्या. माणसाला केस असावेत. आपलं काही म्हणणं नाही!

तर झालं काय, की आमच्या घरातलं पाणी गायब व्हायला लागलं. अमळनेरपासून जवळच आमचं गाव, मळ्याच्या वाटेवर घर, घरची बोअर, स्लॅबवर टाकी, टाकीतून खाली एक लाईन येते ती घराला वळसा घालून जमिनीखालून मोरीला, स्वयंपाकघराला आणि मागे गुरांच्या हौदाला. सकाळी मोटार लावावी, टाकी काठोकाठ भरावी, मळ्यात चक्कर मारून यावं आणि नळ सोडावा... तर फुस्स! नुसती हवा! बरं, टाकीचा कॉक बंद करावा म्हटलं तर तो नुसताच गोल फिरतो, दिवाळीतल्या भुईचक्रासारखा, आणि पाणी आपलं चाललेलंच. चाललंय कुठे? अंगण कोरडं! मागचा गुरं बांधायचा वाडगा कोरडा! आमची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. त्या भेगा सगळं पाणी गपगप पितात आणि वर टिपूस दाखवत नाहीत.

आणि बोलणी कुणाला? मला! बायको म्हणते, "काय हो, एवढ्या पाण्याचं करता तरी काय तुम्ही?" जणू मी मोटारीला तोंड लावून पितो! आमची आई, भिकुबाई, ओट्यावर बसून दर तासाला विचारणार, "नवल, बठ्ठं पानी कोठे जाई ऱ्हायनं रे भो?" मला माहीत असतं तर मी तिथे बादली नसती का लावली?

मग गावातल्या भिकनला बोलावलं. भिकन म्हणजे प्लंबर. आला, तंबाखू मळली, जमिनीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि विचारतो, "नवलभाऊ, ही लाईन कोनी टाकेल व्हती?" मी म्हटलं, "तूच टाकेल व्हती!" तर म्हणतो, "मंग चांगलीच व्हई." आता बोला! तरी त्यानं मोरीपासून मागच्या निंबाच्या झाडापर्यंत... नाही, निंबाच्या अलीकडेच थांबला, ऊन लागलं म्हणाला... तिथपर्यंत सगळं खणून काढलं. लाईन ठणठणीत. कुठे ओल नाही. अंगणात मात्र असा चर पडला की आईला संडासला जाताना हात धरून न्यावं लागायचं.

इथे दिपमालानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ते वाक्य टाकलं. "स्वप्नीलरावांना विचारलं असतं तर केव्हाच सापडलं असतं."

मी म्हटलं, "स्वप्नीलराव खोक्यांच्या कंपनीत आहेत."

"कंपनीत आहेत ना? मग!"

मग काय? मग संपलं! मी जेवत होतो, तेवढ्यात हिनं फोन लावलासुद्धा. तशीही आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. सासू-सासरे मेव्हण्याकडे सुरतला गेलेले, म्हणून यंदा दोघी बहिणींची आखाजी आमच्याच घरी ठरलेली. "या म्हणे दोघं लवकर, आणि जरा आमचं पाण्याचंही बघा, यांना काही सापडत नाहीये." यांना काही सापडत नाहीये! हे सांगताना आवाज किती गोड... आपलं काही म्हणणं नाही!

आले. आखाजीच्या आदल्या दिवशी आले आणि कशात आले? गाडीत! नवी कोरी, लाल, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. दारातच उभी केली. अहो, पाच मिनिटांत पारावरची सगळी माणसं आमच्या दारात. कुणी काचेत बघून मिशा सारखी करतोय, कुणी टायर दाबून बघतोय. माझा ट्रॅक्टर इतकी वर्षं त्याच जागेवर उभा असतो, कुणी त्याच्या टायरची चौकशी केली का कधी?

चहा झाला आणि स्वप्नीलरावांनी बायकोला हाक मारली, "सुलक्षणा, ते आण." ही सुलक्षणा, माझी मेव्हणी, धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं पर्समधून काय काढावं? स्टेथोस्कोप! डॉक्टर छातीला लावतात तो! स्वप्नीलरावांनी कानात नळ्या घातल्या, गॉगल डोक्यावर सरकवला आणि आमच्या अंगणात पालथे झोपले! गाव बघतंय! "श्श! कुणी बोलू नका, पाण्याचा आवाज असतो खाली." सगळं चिडीचूप. कोंबडीला हाकललं. मी शिंकलो तर बायकोनं असं पाहिलं... स्वतःच्या अंगणात शिंकायची चोरी!

मग हे उठले आणि बोट दाखवून म्हणाले, "इथे."

इथे म्हणजे कुठे? तुळशीच्या बुडाशी! आई ओट्यावरून ओरडली, "मनी तुळसले हात लावू नका!" मग ते जरा सरकले, पुन्हा झोपले, पुन्हा उठले, "इथे." आता बोट त्यांचं, पण कुदळ कुणाच्या हातात? अहो, माझ्या! भर उन्हात कमरेएवढा खड्डा खणला मी, आणि हे काठावर उभे, "अजून थोडं नवलभाऊ... अजून थोडं..." काय निघालं? एक चप्पल निघाली. डाव्या पायाची. पाण्याचा थेंब नाही! मी घामानं निथळत वर बघितलं. म्हटलं, आता तरी ही बोलेल, आता तरी कळेल खोका काय नि पाईप काय. तर ही म्हणते, "चला, कुठे नाही ते तरी कळलं!" आणि आई? "पाव्हना कितला गुनी शे, माय!" अहो, भिकननं एवढा चर खणला तेव्हा कुठे नाही ते कमी कळलं होतं का? त्याला कुणी गुणी म्हटलं? मला म्हटलं?

...आपलं काही म्हणणं नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी. घागर भरायची, पूर्वजांच्या नावानं पूजा करायची, खापरावर मांडे, आमरस, घरात माणसं... आणि सकाळीच लाईट गेली! मोटार बंद, टाकी रिकामी. मग काय, मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन बांधले आणि मळ्यातल्या विहिरीवर फेऱ्या सुरू. घागरीचं पाणी मी आणलं, कणकेचं पाणी मी आणलं, गुरांचं मी आणलं. स्वप्नीलरावांच्या अंघोळीचंही मीच आणलं, आणि कॅन ठेवताना जरा आवाज झाला तर ही आतून म्हणते, "हळू! झोपलेत ते, काल दमलेत!" काल दमलेत! झोपून!

दुपारी लाईट आली, मी मोटार लावली, आणि आमरस रिचवून सगळं घर आडवं झालं. मी गुरांना वैरण टाकायला मागे गेलो, तर निंबाखाली आमचा कुत्रा पसरलेला. एवढं ऊन, एवढा फुफाटा, कुत्री सगळी जीभ काढून धापा टाकतायत आणि हा एसीत झोपावा तसा पोट टेकून गाढ! मी त्याला उठवलं, जागेवर हात ठेवला... गार! वरचा पापुद्रा कोरडा, पण बोट खुपसलं तर लोण्यात जावं तसं आत गेलं. ओल! भिकन जिथे थांबला त्याच्या पुढेच, लाईन हौदाकडे वळते तिथे! सापडलं! अहो, मला सापडलं!

असा आनंद झाला, धावत सुटलो सांगायला... आणि दारातच थांबलो.

आत हे घोरत होते ना! आत्ता सांगितलं तर काय होणार? मला घर माहीत आहे. हे उठणार, नळ्या कानात घालणार, तिथे झोपणार, "हां, इथेच आहे" म्हणणार, आणि झालं! शोधलं कुणी? स्वप्नीलरावांनी! म्हणून मी ठरवलं, गप्प बसायचं. उद्या हे धुळ्याला गेले की मी एकटा कुदळ घेणार, सगळ्यांना बोलावणार आणि शांतपणे म्हणणार, "इथे." जाईना का आजच्या दिवस पाणी! आणखी चार फेऱ्या मारीन! माणसानं आयुष्यात एकदा तरी "इथे" म्हणावं की नाही?

चार वाजता चहा घेता घेता स्वप्नीलराव बाहेर डोकावले. "नवलभाऊ, गाडी फार तापतेय. मागे निंबाच्या सावलीला लावतो."

माझ्या हातातला कप तिथेच थांबला! आता काय करू? सांगावं तर ही विचारणार, तुम्हाला कसं माहीत? कधीपासून माहीत? मग सकाळपासून... नाही, दुपारपासून गप्प का? न सांगावं तर नवी कोरी गाडी! अहो, वाईट वाटलं मला, अगदी खरंच सांगतो, गाडीचं वाईट वाटलं. मी मागे धावलो. ते रिव्हर्स घेतायत. मी ओरडलो, "तिथे नको! तिथे... तिथे मुंग्या आहेत!"

काच खाली झाली. "गाडीला मुंग्या चावतात का नवलभाऊ?" हसले, आणि घेतली मागे.

बदाक्! मागचं चाक अर्धं जमिनीत! आणि चाकाच्या बाजूनं बुड बुड बुड... चिखलाचं पाणी वर! दोघी बहिणी धावत आल्या, आई काठी टेकत आली, पारावरची माणसं परत आली. मी तोंड उघडतोय, "मला दुपारीच..." तोवर आईनं हात जोडले, "पाव्हनाना पायगुन दखा!" आणि दिपमाला टाळ्या वाजवत, "सापडलं! स्वप्नीलरावांनी सापडवलं! मी म्हटलं नव्हतं?"

अहो, चाकानं सापडवलं! चाकानं! पण ऐकतो कोण?

माझा ट्रॅक्टर लावून मी गाडी ओढली, चिखल माझ्या तोंडावर उडाला. भिकन आला, खणलं, वळणावरचा एल्बो तडकलेला निघाला, तो बदलला, कॉकही नवा बसवला. मग फोटो. मधोमध स्वप्नीलराव, हातात फुटका एल्बो, ट्रॉफी धरावी तसा. दिपमालानं लगेच स्टेटसला ठेवला. त्यात मीही आहे, नाही असं नाही... कोपऱ्यात, खड्ड्यातून माझी पाठ दिसतेय. आपलं काही म्हणणं नाही!

दुसऱ्या दिवशी निघाले. गाडी मी धुऊन दिली. बायका आत ओटी भरत होत्या, तेवढ्यात स्वप्नीलरावांनी मला बाजूला घेतलं. गॉगल काढला. चेहरा असा उतरलेला! म्हणाले, "नवलभाऊ, एक सांगू? रागावू नका. तुम्ही जरा कमी काम करत जा हो."

मी म्हटलं, "का?"

"अहो, मला घरी जगणं मुश्कील झालंय! काल दिवसभर सुलक्षणा काय म्हणत होती माहीत आहे? जिजाजी बघा, उन्हात पाणी वाहतात, खड्डा खणतात, तक्रारीचा शब्द नाही. आणि तुम्ही? एक तांब्या तरी उचललात का? प्रत्येक आखाजीला हेच. धुळ्याला गेलं की महिनाभर जिजाजी असे, जिजाजी तसे. खरं सांगतो, जळतो मी तुमच्यावर."

अहो, छाती अशी भरून आली माझी! गाडी गेली, धुरळा खाली बसला, मी तसाच आत आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. म्हटलं, ऐकलंस? स्वप्नीलराव स्वतः म्हणाले, माझ्यावर जळतात म्हणून!

डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या. मला वाटलं, आता... आता बोलते माझ्याबद्दल काहीतरी...

म्हणाली, "बघा! किती मोठं मन आहे त्या माणसाचं! तोंडावर कबूल केलं. तुम्हाला जमलं असतं का कधी?"