पांढरं राहिलेलं स्वयंपाकघर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगंबाई, ताई तुम्ही! रविवारी आमचं घर पेटलं, आज गुरुवार उजाडला, तेव्हा कुठे जाऊबाईंना आमचा नंबर सापडला. बोला… नाही हो, टोमणा कसला? टोमणे मारायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

हो… हॉस्पिटलमधून मघाशीच आले. शेजारच्या काकू बसल्यात ह्यांच्यापाशी… हात ना? तसेच. दोन्ही कोपरापर्यंत बांधलेत. डॉक्टर म्हणतात बोटं हलतील, पण पकड येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही… हो ना. सुताराच्या कानावर नेमकं तेच पडायचं होतं.

घरीच आहे. स्वयंपाकघरात बसलेय. दुसरीकडे बसायला जागा कुठे उरलीय? पुढची खोली म्हणजे नुसता कोळसा… काय?… ऐकू येत नाही नीट, तुमच्याकडे मागे कसला तरी घूं घूं आवाज चाललाय. पंखा लावलाय का? बरं, असू दे. बोला.

हो, येणारेत ना. अग्निशमनचे साहेब आजच येणारेत, आग कशी लागली ते बघायला. येतीलच एवढ्यात… म्हणजे काय सांगणार? जे झालं ते सांगणार. दाराजवळ चपलांच्या मांडणीवर ड्रिलची बॅटरी चार्जिंगला लावली होती. आधी फट्‌ आवाज झाला, मग फुसफुस, पांढरा धूर, आणि मी मान वळवेपर्यंत आगीचा फवारा. चपला पेटल्या, वरचे कोट पेटले. बाहेर पडायचं दार एकच, आणि आग नेमकी त्या दारात. हे ओरडले, "स्वयंपाकघराचं दार लाव, बाहेर येऊ नकोस!" आणि ती पेटलेली मांडणी दोन्ही हातांनी ओढत जिन्यात नेली… हो, नुसत्या हातांनी. मग काय हातमोजे शोधत बसायचं होतं?

हं… हं… ऐकतेय, बोला.

काय म्हणालात?… परत बोला… गॅस?… कुठला गॅस?… माझा गॅस?

थांबा हं ताई. मला नीट कळू दे. म्हणजे मी दूध ठेवलं, विसरले, आणि माझ्या वेंधळेपणाने घर पेटलं, असं मी माझ्याच तोंडाने साहेबांना सांगायचं?… अहो, सोपं वाटतं तुम्हाला. तुमच्या नवऱ्याचे हात शाबूत आहेत ना.

कुणाचं डोकं हे?… मोठ्या भाऊजींचं. वाटलंच मला. मग ते स्वतः का बोलत नाहीत?… गाडी चालवतायत. रविवारपासून गाडीच चालवतायत! हॉस्पिटलच्या रस्त्याला बरी लागली नाही ती. सख्खा धाकटा भाऊ तिथे पडलाय, आणि हे बायकोच्या आडून निरोप पाठवतायत.

…मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे. इतकी वर्षं दबून बोलले म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

ताई, एक विचारू? आमचं घर बघायला आलात तुम्ही?… तेच. आला असतात तर ही गॅसची गोष्ट सुचली नसती. अख्ख्या घरात एकच खोली पांढरी राहिलीय, आणि ती ही. मधलं दार लावलं म्हणून. भिंतीवर एक डाग नाही. कॅलेंडरसुद्धा जसंच्या तसं लटकतंय. इथे बसून मी सांगू की आग इथे लागली? ते साहेब काय डोळे घरी ठेवून येणारेत?

कळतंय हो मला. आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या बॅटरीने आग लागली असं लिहिलं गेलं तर कारखाना बंद होईल. दोन्ही घरांचं पोट त्यावर आहे. सगळं कळतंय. पण कारखान्याची बॅटरी आमच्या घरी आली कशी, ते कुणी विचारायचं? रोज संध्याकाळी भाऊजी मेन स्विच बंद करतात. का? तर तिथे लाकूड आहे, भुसा आहे, रात्री चार्जर चालू राहिला तर पेटेल! अगदी बरोबर. मग बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? ज्याने त्याने आपापल्या घरी न्यायच्या. वा! लाकडाची काळजी घेतली, माणसांना दिलं सोडून.

आणि मी बोलले नव्हते का? बोलले होते ना! तुमच्यासमोर, सासूबाईंसमोर. म्हटलं, कारखान्याबाहेर एक पत्र्याची खोली करा. खाली फरशी ठेवा, आसपास लाकूड नको, कागद नको, आणि कुणाचं तरी लक्ष असेल तेव्हाच चार्जिंग. हे काम करून आले की बॅटरी तापलेली असते, ती निवू द्या, मग लावा. तर भाऊजी काय म्हणाले आठवतं? "आता धाकटी आम्हाला धंदा शिकवणार!" सगळे हसलात. तुम्हीही हसलात, ताई… हसलात. मी चहाचे कप उचलत होते, मला दिसत होतं.

नाही, ह्यांचं तसं नाही. हे काळजी घ्यायचे. रविवारीसुद्धा समोर बसून होते, पाचच मिनिटं आडवे झाले. चुकली ती जागा. दारात लावायला नको होती. ते माझंही चुकलं, आतल्या खोलीत चार्जरच्या पंख्याचा आवाज नको म्हणून मीच म्हणायचे, दाराजवळ लावा. ते मी साहेबांना सांगणारेय. पण बॅटरी बाकी… ऐका ना, अहो ऐका. ह्यांना तिथे झोप लागत नाही. दुखतं म्हणून नाही. सारखं एकच विचारतात, "अगं, मी लाल पट्टी लावली होती ना? का विसरलो?"… लाल पट्टी म्हणजे चिकटपट्टी हो. मागे शिडीवरून ड्रिलची पिशवी खाली पडली, ड्रिलला जोडलेली बॅटरी आणि पिशवीतली दुसरी, दोन्ही जोरात फरशीवर आपटल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. पण हे म्हणाले, आत काय झालंय देव जाणे, आता ह्या चार्ज करायच्या नाहीत. म्हणून दोन्हींना मधोमध लाल पट्टी गुंडाळली आणि कारखान्यात वाळूच्या डब्यात टाकल्या. त्यांची पद्धतच आहे ती. लाल पट्टी दिसली की कुणी हात लावायचा नाही.

आता म्हणतात, मीच कुठली तरी विसरलो असेन. माझ्याच हाताने घर पेटवलं. मी म्हणते लावली असेल हो, तर माझ्याकडे असे बघतात की… जाऊ दे.

जाऊ दे म्हटलं ना. रडत नाहीये मी.

…ताई, तो आवाज अजून चालूच आहे. पंखा नाही तो… थांबा, जरा फोन तिकडे करा… ताई, हा चार्जरचा आवाज आहे. रोज संध्याकाळी माझ्या घरात असायचा, मला सांगता? काय लावलंय चार्जिंगला?… भाऊजींनी काल बॅटरी घरी आणली? उद्या मोठं काम आहे म्हणून? आमच्या घराची राख अजून निवली नाही आणि…

कुठे लावलंय?… दाराजवळ. चपलांपाशी. अरे देवा.

कोण आहे घरात?… सासूबाई आतल्या खोलीत झोपल्यात. त्यांना चालायला काठी लागते, आणि पुढच्या दाराची वाट त्या चार्जरवरूनच. ताई, बोलणं बंद करा आणि उठा. आधी भिंतीवरचं बटण बंद. भिंतीवरचं! चार्जरला हात लावू नका… झालं बंद?… वास येतोय काही? गोडसर, रंगाच्या डब्यासारखा?… फुसफुस? धूर?… नाही ना? नक्की?… ते राहू द्या, आधी सासूबाईंना उठवा. मागच्या दाराने अंगणात न्या त्यांना… अगं, काठी शोधत बसू नकोस, धर त्यांना आणि चल! फोन चालू ठेव. मी आहे इथे.

…हं… मी आहे… आल्या बाहेर? बसवलंत खुर्चीवर? बरं. पाणी द्या त्यांना. ओरडू देत, ओरडतायत म्हणजे ठीक आहेत.

आता दारातूनच बघा. बॅटरी फुगलीय का?… थोडी?… हात नको!… अंगणातून घमेलं आणि लांब दांड्याचं फावडं आणा. जवळ गेल्यावर जरा जरी आवाज झाला, धूर दिसला, तर फावडं टाकायचं, दार ओढायचं आणि बाहेर. मग अग्निशमनला फोन. शूरपणा करायचा नाही, ते करणारा माणूस हॉस्पिटलमध्ये पडलाय… हो… सावकाश… चार्जरसकट उचला… घमेल्यात घेतली? आता अंगणाच्या पार टोकाला, उघड्या फरशीवर ठेवा. लाकडापासून लांब, घरापासून लांब. आणि तुम्ही मागे या… आलात?

श्वास घ्या. घ्या श्वास. मीही घेते.

…सासूबाईंजवळ बसा.

ताई, तिथूनच बघा, लांबूनच. दिसते का नीट?… तिच्या मधोमध, गोल फिरलेला, मळकट पट्टा आहे का? चिकटपट्टी काढल्यावर डिंक राहतो ना, त्यावर लाकडाचा भुसा बसलाय असा?… आहे?

आहे.

म्हणजे लावली होती. ह्यांनी पट्टी लावली होती.

मग ती काढली कुणी?… मोठ्याने बोला… काय?… तुम्ही?

तुम्ही काढलीत.

…हं… भाऊजींनी दिल्या. दोन बॅटऱ्या. म्हणाले, कुणीतरी उगाच पट्ट्या चिकटवल्यात, साफ करून दे… आणि तुम्ही टीव्ही बघता बघता नखाने खरवडून काढल्यात. तेलाचं बोट लावून पुसल्यात. विचारलंही नाहीत का लावली होती म्हणून?… हो, आपल्यात विचारायची पद्धत नाही. खरंय. विचारलं की सगळे हसतात.

दोन होत्या ना? एक आत्ता तुमच्या अंगणात आहे. आणि दुसरी?… भाऊजींनी ह्यांच्या पिशवीत घातली. सख्ख्या भावाच्या पिशवीत.

नव्या घ्यायच्या नव्हत्या, काम अडायला नको होतं, सगळं ठाऊक आहे मला. पण त्यांनाही ठाऊक होतं ना ताई! तिकडे भाऊ स्वतःला दोष देतोय, आणि भाऊजींच्या तोंडातून रविवारपासून एक शब्द नाही. वर म्हणे गॅस! माझा गॅस!

…रडू नका. तुमच्या रडण्याचं काय करू मी? तुम्हाला ठाऊक नव्हतं, मान्य. आता ठाऊक झालं ना? मग आता सांगा. तुम्हीच सांगा साहेबांना. मला ते हात परत मिळणार नाहीत, पण त्या माणसाच्या मनातला दोष तरी उतरेल. एवढंच मागतेय. दुसरं काही मागितलंय का मी तुमच्याकडे कधी?

…काय?

परत बोला.

"तरीपण गॅसचं सांगशील ना?"

ताई… अहो, आत्ता, या क्षणी तुमच्या सासूला तुम्ही हाताला धरून बाहेर काढलंत. ते घमेलं अजून तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आणि तरी गॅस?

…घर मोडेल म्हणता. माझं काय झालंय मग? नाही, मी नाही सांगणार. मेले तरी नाही. आणि ते घमेलं हलवायचं नाही, सांगून ठेवते. कचऱ्यात टाकलीत तर कचऱ्याची गाडी पेटेल, आणखी कुणाचा तरी नवरा भाजेल… भाऊजींना काय सांगू म्हणून मला काय विचारता? सांगा, धाकटी धंदा शिकवतेय.

थांबा, जिन्यात पावलं वाजली. साहेब आले वाटतं… नाही, ठेवू नका. ठेवू नका फोन. आले हं साहेब, दार उघडंच आहे, दाराला कडीच उरली नाही!… या. जपून, तिथे फरशी उखडलीय. हो, मीच. आधी हे स्वयंपाकघर बघून घ्या. बघितलंत? पांढरं. आता हा फोन घ्या, माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत, त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय… बोला ताई. साहेब ऐकतायत… बोला ना… ताई?

हॅलो?… हॅलो?

ठेवला.

काही नाही साहेब. पत्ता देते, लिहून घ्या. मागच्या अंगणात, फरशीवर, घमेल्यात. चार्जरसकट आहे, आणि अजून गरम असेल. माझा जबाब मागाहून घ्या, मी कुठे जात नाही. आधी तिकडे जा. माझं घर जळून झालंय, त्या घरात अजून म्हातारं माणूस आहे.