मरण नसलेलं इंग्रजी

…अन् तो पुस्तकवाला माणिकराव उलटा मलेच विचारते, "इंग्रजी बायबल म्हणजे कोणतं इंग्रजी?" आता तुम्हाले सांगतो, मी चौथीत शाळा सोडली, मले एकच इंग्रजी माहीत, जे येत नाही ते. बुढ्यानं चष्मा पुसला अन् चार पुस्तकं मांडली माझ्यापुढं. चारही बायबल, चारही इंग्रजी, अन् म्हणे चौघांत शब्द निराळे. एका पुस्तकाले किती इंग्रज्या लागतात, सांगा तुम्हीच!

मले का वाचायचं होतं? माझा दादा गेला हो, शमुवेल. साखरखेर्ड्याहून मेहकरच्या जिनिंगले कापसाचा मेटॅडोर चालला होता, दादा वर बसला होता, वळणावर मेटॅडोर उलटला… दादा खाली, कापूस वर. कापसाखाली माणूस मरते? लहानपणापासून त्या ढिगात लोळलो, लपलो, झोपलो आम्ही दोघं. कापसाखाली कोणी मरते काय?

तर दादा दर रविवारी चर्चमध्ये बायबलातलं तेविसावं स्तोत्र इंग्रजीत म्हणे. पाठ, डोळे मिटून. कोणाले काही समजत नसे, पण कोणी खोकलतही नसे. सुचिता वहिनी म्हणे, कबरीच्या दगडावर त्यातली दरीची ओळ पाहिजे, ते म्हणत तश्शीच. त्याले ते शिकवणारे चर्चचे पाळक कधीचेच वारले. म्हणून मी अन् वहिनी बुलढाण्याच्या या दुकानात. सोपं काम, पाच मिनिटांचं… अन् हा चार मांडून बसला.

मी म्हटलं, "काका, औंदा कोणतं जास्त उठून राह्यलं? आमची जमीन काळी आहे." सवय हो! बीटी आल्यापासून बियाण्याच्या दुकानात हेच चालते. एकाच कापसाची ढीगभर पाकिटं, नाव निराळं, चित्र निराळं, अन् आपण शेजाऱ्यानं नेलं तेच नेतो. "अन् संगं ते लहान पाकीट?" हेही विचारून बसलो, कारण बीटीसंगं कडेनं लावायचं साधं बी फुकट भेटते. माणिकरावानं मार्काच्या शुभवर्तमानाची एक लहान पुस्तिका काढून वर ठेवली.

मंग त्यानं चारातल्या दोन पुस्तकांत ती ओळ काढून मराठीत सांगितली. जुन्या भाषांतरात आहे, मरणाच्या सावलीच्या दरीतून चाललो तरी भिणार नाही. नव्यात आहे, अगदी अंधाऱ्या दरीतून चाललो तरी.

"अन् मरण?"

"नव्यात ते खाली टिपेत घातलं आहे. बारीक अक्षरात."

तुम्हाले सांगतो, मी खुर्चीवरच बसलो. म्हणजे मरण काढता येते? शिकलेल्या लोकांनी बसून काढलं, छापलं, बाजारात आणलं, अन् आमच्या गावात कोणाले पत्ता नाही?

"हेच बांधा. बिनमरणाचं."

"बाबू, मूळ शब्दावर विद्वानांचा वाद…"

"वाद राहू द्या, काका. बांधा तुम्ही."

"थांबा ना, भाऊजी." वहिनी पहिल्यांदा बोलली. "काका, दोन्ही इंग्रजीतच वाचा. मोठ्यानं."

त्यानं नवं वाचलं. वहिनी नुसती पाहत राह्यली. मंग जुनं वाचलं… अन् वहिनीचे ओठ हलाले लागले. ज्या वहिनीले एबीसीडी येत नाही ती वहिनी, काकाच्या संगं संगं, अन् त्या मरणाच्या शब्दावर तर काकाच्याही आधी पोचली.

"हेच," ती म्हणे.

"वहिनी, त्यात मरण आहे."

"असू द्या. तुमचे दादा तिथं थांबून श्वास घेत. मंगच पुढं म्हणत."

एका पुस्तकाले किती इंग्रज्या लागतात, हे विचारणारा मी, अन् हिनं कानानंच निवडलं.

माणिकरावानं ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली, मरणाच्या शब्दाले गोल केला. पुस्तक घेऊन मी मेहकरले वहाबभाईकडं, तो दगडावर अक्षरं कोरते. इंग्रजी त्यालेही येत नाही, चित्रासारखं पाहून उतरवते. त्यानं सुतळी धरून दगड मापला.

"ओळ लंबी आहे बे. एखादा शब्द गाळू काय? मतलब तर समजूनच जाते."

खोटं कशाले बोलू… माझं बोट त्या गोलावर गेलंच होतं.

मंग म्हटलं, "नाही भाई. बारीक काढ… पण काढ."