सर्वांत भरवशाचा वादक

बायको : अहो, नळवाले कधीचे दारात उभे आहेत आणि तुम्ही पाठ फिरवून काय बसलात? न्हाणीघर दाखवा त्यांना.

मास्तर : त्याला माहीत आहे कुठं आहे ते.

बायको : आज पहिल्यांदा आलेत ते आपल्याकडं!

ढब्बू : बावीस वर्षांनी आलोय, वहिनी. डावीकडचा नळ ना? बघा, माझा वायसर बावीस वर्षं टिकला.

मास्तर : ऐकलंस? अजून मिरवतोय!

बायको : काय चाललंय, मला कुणी सांगेल का?

ढब्बू : आमचा बँड होता, वहिनी. 'तक्रार' नावाचा. किंचू गायचा, मी ड्रम बडवायचो आणि लंबू गिटार घेऊन कोपऱ्यात रुसून बसायचा.

बायको : किंचू कोण?

ढब्बू : कोण म्हणजे? तुमचे हे! गाताना किंचाळायचा म्हणून किंचू.

बायको : अगं बाई! वर्गात कुणी बाकावर बोटं वाजवली तरी बाहेर काढतात हे!

मास्तर : अल्टरनेटिव्ह रॉक होतं ते.

बायको : म्हणजे कसलं?

ढब्बू : म्हणजे लोक उठून गेले तरी आपलं चुकलं असं मानायचं नाही.

मास्तर : चार कार्यक्रम केले आम्ही.

ढब्बू : साडेतीन. चौथ्यात आयोजकांनी मधेच वीज घालवली.

मास्तर : पण कॅसेट निघाली होती. ह्याच न्हाणीघरात रेकॉर्ड केली, आवाज घुमतो म्हणून. तेव्हाही हा नळ गळायचा. टप, टप, टप. इतका पक्का ठेका, की आम्ही तिघं त्याच्याच मागं वाजवायचो.

ढब्बू : आणि पेपरात काय छापून आलं, तेही सांग की.

मास्तर : 'या बँडमधला सर्वांत भरवशाचा वादक म्हणजे नळ.'

बायको : अय्या! तुम्हाला वाईट नाही वाटलं, भावजी?

मास्तर : वाईट? जळफळाट झाला त्याचा! दुसऱ्या कॅसेटच्या आदल्या दिवशी, मी घरात नाही असं बघून, ह्यानं गुपचूप नळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी माझं गाणं संपलं, तरी हा वाजवतोच आहे! सात महिन्यांत बँड बुडाला.

ढब्बू : लंबू तर गाणं अर्धवट टाकून चप्पल घालून चालता झाला. आता चष्मे विकतो.

मास्तर : विषय बदलू नकोस. बावीस वर्षं एकच विचारतोय, का केलंस असं?

ढब्बू : विचारलंस कुठं? शिव्या दिल्यास आणि दार लावलंस.

मास्तर : मग आता विचारतो.

ढब्बू : तो छोटा पाना दे.

मास्तर : ढब्बू!

ढब्बू : काकूंनी सांगितलं होतं.

मास्तर : आईनं?

ढब्बू : त्या टपटपीनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणाल्या, 'तेवढा बंद कर बाबा. पण त्याला सांगू नकोस. आईमुळं गाणं अडलं असं त्याला वाटायला नको.' शपथ घातली. मला वाटलं, नळ गेला तर गेला, मी आहे की ठेका धरायला. तेवढाच अंदाज चुकला.

बायको : आणि एवढी वर्षं सगळं ऐकून घेतलंत?

ढब्बू : आता त्याच नाहीत, म्हणून बोललो. त्या गेल्या तेव्हा आलो होतो, वहिनी. फाटकापर्यंत.

मास्तर : दिसला होतास मला. हाक मारायला हवी होती मी. चुकलंच माझं.

ढब्बू : नळ बसवल्यावर काकू काय म्हणाल्या, ठाऊक आहे? 'ड्रमपेक्षा पान्यावर हात चांगला बसलाय तुझा.' दुसऱ्या दिवशी ते मला पटलंच.

मास्तर : मला तर म्हणायची, सुरेख गातोस.

ढब्बू : आई होती रे ती तुझी.

मास्तर : हा घे तुझा छोटा पाना.

ढब्बू : हं, बसला बघ. आता हलायचा नाही.

मास्तर : ए, ती बादली उपडी कर.

ढब्बू : कशाला? वहिनी हाकलतील मला.

मास्तर : कर म्हणतो ना!

(न्हाणीघरात बादलीवर ठेका सुरू होतो, मग एक लांबलचक किंचाळी. किंचाळी संपल्यावरही ठेका चालूच राहतो.)

बायको : अहो, काय हे! शेजारी दारात गोळा झालेत! आणि नळ तर गळायचा थांबलेला दिसतोय. झालं ना काम?

मास्तर : छे गं! फार मोठं काम निघालंय. उद्याही यावं लागेल त्याला.