सुरेखाची सोयरीक

सुरेखाच्या सोयरिकीत मी जेवढा वैतागलो ना, तेवढा जल्मात वैतागलो न्हाई. सुरेखा म्हंजे माजी धाकटी बहीण. तिला बघायला परळीचे पावणे आमच्या नांदूरघाटला आलते. पोरगा-पोरगी एकमेकांला पसंत पडले. पर चा पिता पिता पोराचे वडील म्हणले, “तुमच्याकडं पाण्याचं लई अवघड हाय. पोरगी आमच्यात सुखात राहील.”

आमच्या बाबांला ते लागलं. “पर हवा चोख हाय! तुमच्यात पांढरं धोतर वाळू घातलं की त्या वीजकेंद्राच्या राखंनं सांजच्याला राखाडी व्हतंय.”

“आमच्याकडं रेल्वे हाय!”

“हां, गाव सोडून जायाला बरी हाय.”

दोन तास हेच. मी मधी पडलो तर दोघंबी खेकसले, “तू गप बस!”

शेवटी सुरेखाच बाहेर आली. “आमी अंबाजोगाईत राहू. दोनी घरं जवळ पडतील.” पोरानं लगेच मान हलवली.

दोघं म्हातारे एकदमच वरडले, “अंबाजोगाईत? तिथं काय हाय?”

झालं लग्न. पोरं अंबाजोगाईतच हायत. अन् हे दोघं व्याही महिन्यातले पंधरा दिवस तिथंच ठाण मांडून, एकमेकांच्या गावाला नावं ठेवत बसत्यात.