सगुणाबाईची खुर्ची

इचारलंच तुम्ही, तर ऐका. आमची बायको गेली तवा पेशंटसाठी वर्गणी जमवणाऱ्या मंडळाच्या कुसुमताई घरी आल्त्या. म्हणल्या, "काका, तेरवीला भांडी वाटू नका. तालुक्याच्या दवाखान्याला चाकाची खुर्ची द्या."

दिली. पाठीवर रंगानं लिहून घेतलं, 'कै. सगुणाबाई यांच्या स्मरणार्थ'.

महिन्यानं ताई परत आल्या. "काका, खुर्चीत कोणी बसून न्हाई राह्यलं. मेलेल्या बाईची खुर्ची म्हणतेत. नाव पुसू का?"

"बिलकुल न्हाई. ज्याला बसायचं न्हाई त्यानं पायी जावं."

मंग एकदा सोताच गेल्तो. कुंभार पिंपळगावची एक म्हातारी, पाय सुजलेले, भिंत धरधरून चालली होती. खुर्ची बाजूला रिकामी. शेवटी शेवटी आमची बी बराबर अशीच चालायची. खिशातला अडकित्ता काढला अन् नाव सोडून बाकी सगळं खरवडून टाकलं.

आता गेटावर पेशंट आला की नर्स वरडती, "सगुणाबाईला आणा, जल्दी."

मी चाळीस वर्षं तिला नुसतं 'अगं' म्हणलो. नावानं हाक तिला आता मिळून राह्यली.